खिडक्या बंद, एसी चालू आणि वर्ग पेंगतोय

पुण्यातल्या पालकांच्या आणि प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की विद्यापीठात, कॉलेजांत प्रत्येक वर्गाला स्प्लिट एसी बसवा. एसी बाहेरची ताजी हवा गाळून आत आणतो. खिडक्या बंद राहिल्या की धूळ नाही. १६ वर लावला की वर्ग झटपट गार. पंख्यांचे दिवस संपले. मी इमारतींच्या वातानुकूलनाचंच काम करतो. एसी खपले तर माझ्या धंद्याला बरंच, पण हा मजकूर मुलांच्या तब्येतीशी खेळणारा आहे.

पहिलं म्हणजे, स्प्लिट एसी बाहेरून हवा आणतच नाही. भिंतीवरचं युनिट खोलीतलीच हवा ओढतं, गार कॉइलवरून फिरवतं आणि परत खोलीत सोडतं. भिंतीतून बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गार करणारा गॅस असतो, हवा नाही. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ६० मुलांचे झाले १,०८० लिटर. १० बाय ८ मीटरचा, साडेतीन मीटर उंच वर्ग घट्ट बंद केला तर तासाभरात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ४,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४,००० भाग) पुढे जातं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं. फटींतून थोडं निसटतं, तरी जड डोकं आणि जांभया चुकत नाहीत.

एका कॉलेजात पाहणीला गेलो होतो. रंगाच्या थरांनी खिडक्यांच्या खिट्ट्या जाम झालेल्या. शिपाईमामांनी हातोडीने ठोकून एक तावदान मोकळं केलं. तास चालूच होता. मागच्या बाकावरची एक मुलगी वही उचलून गुपचूप त्या खिडकीशी येऊन बसली.

आता ‘गाळून’ची गोष्ट. एसीची जाळी काढून उजेडाला धरा, आरपार दिसतं. तिच्यावर केस, धागे, खडूची भुकटी अडकते. गाड्यांच्या धुराचे बारीक कण सरळ निघून जातात. विद्यापीठ चौकातली गर्दी बघता रस्त्याकडच्या खिडक्या सताड उघड्या ठेवा असं मीही म्हणणार नाही. तिथे चांगल्या फिल्टरमधून पंख्याने हवा आत ढकलावी लागते. एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर बसवला तर बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आत येणाऱ्या हवेला मिळतो, बिलही आटोक्यात राहतं.

१६ चा आकडा लावून साधा कॉम्प्रेसर जास्त जोराने गार करत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. २०२० पासून नव्या एसीचं मूळ सेटिंग २४ ठेवणं सरकारने बंधनकारक केलंय, ते उगाच नाही.

‘पंख्यांचे दिवस संपले’ याचा मात्र मला राग येतो. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत १८६० च्या दशकात गव्हर्नरांचं निवासस्थान म्हणून बांधायला घेतली, तेव्हा वीज नव्हती. जाड दगडी भिंती आणि व्हरांडे यांवरच उन्हाळा निघायचा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तापल्या तरी पहाट बऱ्यापैकी गार असते. पहाटे खिडक्या उघडून भिंती निवू दिल्या, वरच्या मजल्याच्या स्लॅबवर पांढरा लेप दिला, तर पंख्यावर बरेच महिने भागतं. कॉम्प्युटर लॅब आणि खचाखच भरलेल्या सभागृहांना एसी हवाच. तिथेही २६ वर ठेवून पंखा चालू राहू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली, म्हणजे ६० मुलांच्या वर्गाला ६०० लिटर. तुमच्या कॉलेजच्या टेंडरमध्ये किती टनांचा एसी ते लिहिलेलं असेलच. ताज्या हवेचा हा आकडा आहे का, तेवढं विचारा.