खुकरीवर कोणतं निशाण होतं?

दर 4 डिसेंबरला, नौदल दिनी, एक मेसेज न चुकता फिरतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा तो तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: '1947 ते 2022, सलग 75 वर्षं आपलं नौदल निशाणावर इंग्रजांचा क्रॉस मिरवत होतं. कुणालाच त्याची लाज वाटली नाही. शिवरायांची आठवण नौदलाला 2022 मध्ये पहिल्यांदा झाली. त्याआधीची परंपरा म्हणजे निव्वळ गुलामी.'

आमच्याच इमारतीतले एक काका पंधरा वर्षं नौदलात इंजिन रूममध्ये होते. त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "मग मी पंधरा वर्षं कुणाची चाकरी केली?" त्यांच्यासाठी हे उत्तर लिहितोय. नवं निशाण, म्हणजे जहाजांवरचा नौदलाचा झेंडा, मलाही मनापासून आवडतं. पांढऱ्या कापडावर कोपऱ्यात तिरंगा, शेजारी शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली सोनेरी कडांची अष्टकोनी चौकट, आत नांगर आणि सिंहमुद्रा. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत विक्रांत या विमानवाहू नौकेवर ते चढलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. माझं भांडण निशाणाशी नाही, त्याच्या आडून जुन्या नौसैनिकांवर जो चिखल उडवला जातो त्याच्याशी आहे.

'सलग 75 वर्षं इंग्रजांचं निशाण.'

यातलं 'सलग' चूक आहे आणि 'इंग्रजांचं' अर्धवट आहे. 26 जानेवारी 1950 ला नौदलाच्या नावातलं 'रॉयल' गेलं, बोधचिन्हावरचा मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि निशाणाच्या कोपऱ्यातला युनियन जॅक उतरून तिथे तिरंगा आला. लाल क्रॉस तेवढा राहिला. तो राहायला नको होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण तिरंगा कोपऱ्यात असलेल्या निशाणाला 'इंग्रजांचं' म्हणताना त्या तिरंग्यावर आपण काट मारतो, एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आता 'सलग'. 15 ऑगस्ट 2001 ला क्रॉस काढून टाकला होता. पांढऱ्या निशाणावर तिरंगा आणि नौदलाचं निळं बोधचिन्ह, असं ते नवं रूप. पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल विवियन बार्बोझा यांनी हा बदल सुचवला होता. म्हणजे मागणी नौदलाच्या पोटातूनच आली होती. मग 2004 मध्ये क्रॉस परत का आला? तक्रार अशी होती की निळं बोधचिन्ह आभाळाच्या आणि पाण्याच्या निळ्यात मिसळून जातं, लांबून ओळखूच येत नाही. जमिनीवरच्या माणसाला हे कारण किरकोळ वाटेल. पण समुद्रात निशाण म्हणजे जहाजाची ओळख. क्षितिजावरच्या माणसाला दुर्बिणीतून ते जहाज कुणाचं हे कळायला हवं. क्रॉस परतला तेव्हा त्याच्या मध्यावर सिंहमुद्रा बसवली गेली आणि 2014 मध्ये तिच्याखाली 'सत्यमेव जयते' आलं. आठ बाजूंची ठळक चौकट सापडेपर्यंत हा शोध चालू होता. त्याला लाचारी म्हणणं मला तरी पटत नाही.

'कुणालाच लाज वाटली नाही.'

हे वाचून मात्र राग आला. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्यातल्या 'तलवार' या नाविकतळावर खलाशांनी संप पुकारला. कारणं होती निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. बघता बघता तो मुंबई बंदरातल्या जहाजांवर आणि पुढे कराचीपर्यंत पसरला. त्या पोरांनी जहाजांवरची ब्रिटिश निशाणं खाली उतरवली आणि काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तिन्ही झेंडे चढवले. त्यांच्या पाठीशी गिरणगावातले कामगार रस्त्यावर आले. गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसं गेली. इंग्रजांचं निशाण डोलकाठीवरून उतरवायची हिंमत कुणी केली, असं विचारलंत तर पहिलं उत्तर याच नौदलातल्या खलाशांचं आहे. तेही स्वातंत्र्याच्या दीड वर्ष आधी.

'शिवरायांची आठवण 2022 मध्ये पहिल्यांदा.'

लोणावळ्याला कधी गेला असाल तर 'आयएनएस शिवाजी' ही पाटी पाहिली असेल. नौदलाच्या इंजिनांचं शिक्षण देणारी ही संस्था 15 फेब्रुवारी 1945 ला सुरू झाली, तेव्हाही नाव शिवाजीच होतं. आमचे काका तिथेच शिकले. मुंबईतल्या नाविकतळाचं 'डलहौसी' हे नाव 1951 मध्ये पुसलं गेलं आणि तो 'आंग्रे' झाला. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे, ज्यांना इंग्रज समुद्री लुटारू म्हणत, त्यांचं नाव इंग्रज गव्हर्नर जनरलच्या नावाच्या जागी बसलं.

आणि खांदेरी. अलिबागजवळ थळसमोरच्या या बेटावर 1679 मध्ये शिवरायांनी किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेट अडवलं, पण शिवरायांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींची माणसं छोट्या होड्यांतून रात्री रसद पोचवत राहिली आणि बांधकाम थांबलं नाही. 1968 मध्ये नौदलाने आपल्या पाणबुडीला नाव दिलं 'खांदेरी'. ती निवृत्त झाल्यावर 2019 मध्ये मुंबईत दुसरी 'खांदेरी' ताफ्यात आली. जहाज मोडीत निघालं तरी नाव पुढच्या जहाजाने घ्यायचं, ही नौदलाची जपलेली रीत आहे.

'त्याआधीची परंपरा म्हणजे गुलामी.'

शिट्ट्या, सलामी, पांढरा गणवेश हे बरंचसं जगातल्या सगळ्याच नौदलांचं आहे. आपल्याकडे जहाज पाण्यात सोडताना अथर्ववेदातल्या ऋचा म्हणतात आणि नारळ फुटतो. ब्रीद आहे 'शं नो वरुणः', म्हणजे वरुणदेव आमचं कल्याण करो. ते राजगोपालाचारींनी सुचवलं होतं.

पण परंपरा गणवेशावर ठरत नाही. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीतले सात नौसैनिक गेले. 1971 च्या 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या नौका कराचीवर गेल्या. मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या या लहानशा क्षेपणास्त्र नौका थेट शत्रूच्या दारात नेऊन त्यांनी खैबर आणि मुहाफिज या पाकिस्तानी युद्धनौका बुडवल्या आणि तिन्ही सुखरूप परतल्या. नौदल दिन त्या रात्रीचा आहे.

पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरच्या रात्री, दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेला पाणतीर मारले. जहाज काही मिनिटांत गेलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी होतील तेवढ्या माणसांना पाण्यात उतरवलं, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजासोबत राहिले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक त्या रात्री गेले. पुढे माझगाव डॉकमध्ये दुसरी 'खुकरी' बांधली गेली. 32 वर्षं चाकरी करून ती 2021 मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवलाच उभी आहे.

पहिली अजून तिथेच, समुद्राच्या तळाशी आहे. त्या रात्री तिच्या निशाणावर लाल क्रॉस होता आणि कोपऱ्यात तिरंगा होता.