वोद्निक : गोठणाऱ्या बंदराचा संघ

आर्खांगेल्स्क या रशियन शहराचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर आलेले नसते आणि बँडी हा खेळ तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक असतो. तरीही गेली काही वर्षे मी त्या शहराच्या बँडी संघाचा, म्हणजे वोद्निकचा, इतिहास मिळेल तिथून वाचत आलो आहे आणि आज त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. लिहिण्यामागे थोडी तक्रारही आहे. या संघाचा उल्लेख जिथे सापडतो तिथे बहुधा दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात. एक म्हणजे १९९६ ते २००५ या दहा हंगामांत त्याने रशियाचे अजिंक्यपद नऊ वेळा जिंकले, आणि दुसरी म्हणजे २०१७ मध्ये त्याच्या एका सामन्यात झालेले वीसच्या वीस गोल स्वयंगोल होते. १९२५ साली स्थापन झालेल्या संघाची ओळख एक पराक्रम आणि एक फजिती यांवर आटोपावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आधी खेळाविषयी सांगायला हवे. मैदानी हॉकी पाहिलेल्या माणसाला बँडी समजणे अवघड नाही. जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाएवढे, ९० ते ११० मीटर लांबीचे बर्फाचे मैदान, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, पायात स्केट्स, हातात वाकड्या टोकाची स्टिक आणि चपट्या चकतीऐवजी सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा, बर्फावर नजरेत भरावा म्हणून भडक रंगाचा चेंडू. सामना ४५ मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. थंडी फारच कडक असेल तर तीच ९० मिनिटे तीन भागांत वाटतात. मैदानाच्या कडेला जेमतेम १५ सेंटिमीटर उंचीची फळी असते, त्यामुळे आइस हॉकीत जशी भिंतीवर आदळआपट चालते तशी इथे शक्यच नाही. गोलरक्षकाच्या हातात स्टिक नसते. साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोड्या उंच गोलापुढे उभे राहून तो येणारा चेंडू हातापायांनी आणि अंगाने अडवतो. मैदान एवढे मोठे असल्यामुळे खेळाडूला मोकळी धाव मिळते. लांब फटक्यावर निघालेला चेंडू आणि त्याच्यामागे बर्फावरून झेपावणारा आघाडीचा खेळाडू हे दृश्य एकदा पाहिले की आइस हॉकी खोलीत कोंडल्यासारखी वाटू लागते, असे माझे प्रामाणिक, आणि अर्थातच पक्षपाती, मत आहे.

हा खेळ मूळचा रशियाचा नाही. इंग्लंडच्या पूर्व भागातील पाणथळ प्रदेशात, हिवाळ्यात गोठणाऱ्या कुरणांवर तो वाढला आणि तिथेच चार्ल्स टेबट यांनी १८८२ च्या सुमारास त्याचे नियम लिहून काढले. रशियात त्याची अधिकृत सुरुवात १८९८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये झाली, असे मानतात. पुढे इंग्लंडमध्ये हिवाळे सौम्य झाले आणि हा खेळ मागे पडला; रशियात मात्र तो इतका रुजला की ‘रशियन हॉकी’ हेच त्याचे नाव झाले आणि नुसते ‘हॉकी’ म्हटले तरी लोकांना हाच खेळ समजत असे.

वोद्निकचा इतिहास मला ज्या घटनेपासून समजू लागला ती आर्खांगेल्स्कमध्ये घडलेली नाही. १९४६ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघात आइस हॉकीची, तेव्हाच्या भाषेत ‘कॅनेडियन हॉकी’ची, पहिली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. हा ऑलिंपिकमधला खेळ होता आणि त्यात जगाला हरवून दाखवण्याची संधी होती. तो खेळणारे पहिले सोव्हिएत खेळाडू बहुतेक बँडीतूनच आले. फुटबॉल आणि बँडी दोन्ही गाजवणारा व्सेवोलोद बोब्रोव हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. बँडीला ऑलिंपिकमध्ये १९५२ साली ऑस्लोत केवळ प्रदर्शनीय खेळ म्हणून जागा मिळाली आणि त्यानंतर तेवढीही मिळाली नाही. साहजिकच मॉस्को आणि लेनिनग्राडची नजर हळूहळू चकतीकडे वळली. डायनॅमो मॉस्कोसारखा बलाढ्य संघ बँडीत पुढेही टिकला, परंतु खेळाचे बळ सरकत सरकत उरल, सायबेरिया, व्होल्गाकाठ आणि उत्तरेकडे गेले. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. आइस हॉकीची शहरे बर्फ बनवणारी यंत्रे आणि बंदिस्त सभागृहे बांधू लागली, तर बँडीला फुटबॉलचे मैदान, पाण्याची नळी आणि लांब हिवाळा एवढे पुरत असे. बाकी सामग्री नसली तरी हिवाळा या शहरांकडे मुबलक होता. स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी संघाने हा खेळ गाजवला आणि क्रास्नोयार्स्कच्या येनिसेईने १९८० ते १९८९ अशी सलग दहा सोव्हिएत अजिंक्यपदे मिळवली. राजधानीने अर्धवट सोडून दिलेली वस्तू प्रांतांनी उचलली आणि आपली केली, असे याचे वर्णन मी करतो.

या प्रांतांपैकी आर्खांगेल्स्क हा एक अगदी वेगळा कोपरा आहे. उत्तर द्विना नदी पांढऱ्या समुद्राला मिळते तिथे १५८४ साली वसलेले हे बंदर पीटर्सबर्ग उभे राहण्यापूर्वी रशियाचे पश्चिमेकडे उघडणारे मुख्य सागरी दार होते. पुढे ते लाकडाचे आणि लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचे शहर झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची मदत घेऊन निघालेला पहिला जहाजांचा ताफा ऑगस्ट १९४१ मध्ये इथेच पोहोचला. वोद्निक या शब्दाचा अर्थ जलवाहतुकीतला कामगार. संघाचे हे नाव त्या धंद्यातल्या कामगारांशी जोडलेले आहे. वर्षातले जवळपास सहा महिने नदी गोठलेली असते. बर्फ फोडणारी जहाजे पुढे जाऊन वाट करून देतात तेव्हाच बाकीची वाहतूक चालते. पाण्यावर पोट असणाऱ्यांच्या नावाचा संघ पाणी घट्ट झाल्यावरच मैदानात उतरतो, ही गंमत तिथल्या लोकांना बहुधा इतकी सवयीची आहे की ती कोणी बोलूनही दाखवत नसेल.

सोव्हिएत काळात वोद्निकला एकदाही अजिंक्यपद मिळाले नाही. विजेत्यांच्या यादीवरून बोट फिरवणाऱ्याला तो काळ रिकामा दिसेल. मला मात्र हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण १९९६ नंतर जे घडले ते शून्यातून घडलेले नव्हते. पन्नासएक वर्षे एखाद्या शहरात दर हिवाळ्याला मुले स्केट्स बांधून एकाच मैदानावर येत राहतात, वडिलांनी ज्या संघासाठी आरडाओरडा केला त्याच्यासाठीच मुलगा करतो, तेव्हा कुठे चांगल्या प्रशिक्षकाच्या हाती काही घडवण्याजोगी माती लागते. हे कोणत्याही यादीत येत नाही, म्हणून ते नव्हते असे होत नाही.

ते चांगले प्रशिक्षक म्हणजे व्लादिमीर यान्को. त्यांच्या हाताखाली वोद्निकने १९९६, १९९७, १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग पाच अजिंक्यपदे जिंकली; २००१ साली येनिसेईने साखळी तोडली आणि लगेच २००२ पासून २००५ पर्यंत पुन्हा चार वेळा वोद्निकच. अलेक्सांद्र त्युकाविन, निकोलाय यारोविच, इगोर गापानोविच ही त्या संघातली ठळक नावे. स्वीडनमधला क्लबांचा विश्वचषकही त्याच काळात आर्खांगेल्स्कला आला. आता हा काळ कोणता होता ते आठवून पाहा. १९९० चे दशक रशियात पगार महिनोन्महिने थकण्याचे, कारखाने बंद पडण्याचे आणि उत्तरेकडची शहरे सोडून माणसे दक्षिणेकडे जाण्याचे होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रूबल कोसळला, आणि त्याच्या आगेमागे झालेल्या दोन्ही हंगामांत हा संघ अजिंक्य होता. काही जण यावरून ‘खेळाने शहराला जगवले’ असे म्हणतात. इतके मोठे विधान करायला मी धजावत नाही. थकलेला पगार अजिंक्यपदाने मिळत नाही. परंतु ज्या काळात शहराला देशभरातून मानाने कोणी विचारत नव्हते त्या काळात निदान हिवाळ्यातल्या एका खेळापुरते सगळ्या रशियाला आर्खांगेल्स्ककडे पाहावे लागले, एवढे तर निश्चित.

फेब्रुवारी १९९९ ची गोष्ट मला विशेष प्रिय आहे. त्या वर्षी बँडीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आर्खांगेल्स्कला झाली. सोव्हिएत संघाने १९५७ पासून १९७९ पर्यंत एकही जागतिक स्पर्धा गमावली नव्हती, पण देश फुटल्यानंतर १९९३, १९९५ आणि १९९७ अशा तिन्ही स्पर्धा स्वीडनने जिंकल्या होत्या आणि ‘रशिया’ या नावाने एकही अजिंक्यपद लागलेले नव्हते. ते लागले आर्खांगेल्स्कच्या उघड्या मैदानावर, अंतिम सामन्यात फिनलंडला ५–० असे हरवून. देशाच्या नव्या नावावरचे पहिले जागतिक अजिंक्यपद मॉस्कोत नव्हे तर ध्रुवीय वर्तुळापासून दोन अंशांवरच्या एका बंदरात मिळाले, हे त्या शहराने विसरू नये आणि, खरे तर, मॉस्कोनेही विसरू नये. चार वर्षांनी, २००३ मध्ये, स्पर्धा पुन्हा तिथेच भरली आणि त्या वेळी मात्र चषक स्वीडनला गेला.

मग २००५ नंतर पडझड झाली. तिची कारणे गूढ नाहीत. रशियात तिकिटांच्या विक्रीवर बँडी संघ चालत नाही. प्रांतिक सरकारचा पैसा आणि एखाददुसऱ्या मोठ्या उद्योगाचा आधार यांवरच तो उभा असतो. अनातोली येफ्रेमोव हे १९९६ ते २००४ या काळात त्या प्रांताचे गव्हर्नर होते, आणि वोद्निकचा सुवर्णकाळ जवळपास तेवढाच आहे. याला निव्वळ योगायोग म्हणायला माझे मन तयार होत नाही. पुढे मॉस्कोच्या डायनॅमोने बँडीत नव्याने लक्ष घातले, वोद्निकचे अनेक प्रमुख खेळाडू तिकडे गेले, यान्को हेही डायनॅमोचे प्रशिक्षक झाले आणि २००६ ते २०१० ही सलग पाच अजिंक्यपदे डायनॅमोने घेतली. त्या पाच पदांपैकी किती खरोखर मॉस्कोची आणि किती आर्खांगेल्स्कच्या बर्फावर आधीच कमावलेली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. खेळाडूंना मी दोष देत नाही. चाकूएवढ्या धारेवर तोल सांभाळत ज्याला दहा-पंधरा वर्षांत आयुष्याची कमाई करायची असते, त्याने जास्त पगार नाकारावा असे सांगण्याचा अधिकार घरात बसून लिहिणाऱ्याला नाही. माझी तक्रार व्यवस्थेविषयी आहे. राजधानी एखादा खेळ सोडते तेव्हा तो जपण्याचा खर्च प्रांत करतात, आणि तिला तो पुन्हा आवडू लागला की तयार माणसे प्रांतांतून उचलली जातात. त्यांना घडवणाऱ्या शहराकडे काही परत येत नाही.

आता ते स्वयंगोल. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस वोद्निक आणि इर्कुत्स्कची बैकाल-एनेर्गिया यांच्यात सामना झाला. बाद फेरीत तगडा प्रतिस्पर्धी वाट्याला येऊ नये म्हणून दोन्ही संघांना हरण्यात फायदा दिसत होता. परिणामी दोन्ही संघ आपापल्या गोलात चेंडू मारत राहिले आणि सामना ११–९ असा संपला; वीसही गोल स्वतःवरच केलेले. ती चित्रफीत जगभर फिरली, बँडीचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनी ती पाहिली. रशियन महासंघाने निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळायला लावला आणि प्रशिक्षकांवर बंदी घातली. शिक्षा योग्यच होती असे मला वाटते. कडाक्याच्या थंडीत तिकीट काढून आलेल्या माणसापुढे असला तमाशा करणे हा त्याचा अपमान आहे आणि त्याला संघाचा दीर्घ इतिहास ही सबब होऊ शकत नाही. उलट तो इतिहास असल्यामुळेच मला जास्त लाज वाटली. परंतु एक प्रश्न उरतो. हरणाऱ्याला सोपा मार्ग आणि जिंकणाऱ्याला अवघड मार्ग मिळेल अशी रचना ज्यांनी केली, त्यांच्या डोक्यात ही शक्यता आली नसेल तर त्यांनी स्पर्धेची रचना करू नये, आणि आली असेल तर दोष केवळ मैदानावरच्यांचा नाही.

त्यानंतरच्या काळात खेळाचे स्वरूपच बदलत गेले आहे. खाबारोव्स्कमध्ये २०१३ साली ‘येरोफेई’ हे बंदिस्त स्टेडियम उभे राहिले, उल्यानोव्स्क, क्रास्नोयार्स्क आणि इर्कुत्स्कलाही छप्पर मिळाले, आणि बर्फ आता हवामानावर अवलंबून न राहता यंत्रावर तयार होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमण झाले, रशियन संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आले आणि स्वीडिश क्लबांशी दरवर्षी होणाऱ्या लढती थांबल्या. या वगळण्याबद्दल मी तक्रार करणार नाही. युद्धापुढे चेंडूचे दुःख फार लहान आहे. इतकेच नोंदवतो की ज्या खेळात मुळात चार-पाच देशच तुल्यबळ आहेत त्यातून एक गेल्यावर उरलेल्यांचाही खेळ रोडावतो.

आर्खांगेल्स्कचे मैदान अजूनही उघडे आहे. त्याचे नाव ‘त्रूद’, म्हणजे श्रम, आणि ते नदीपासून फार लांब नाही. बंदिस्त स्टेडियमातल्या गुळगुळीत बर्फावर खेळून आलेले पाहुणे संघ इथल्या वाऱ्याविषयी आणि बर्फवृष्टीविषयी कुरकुर करत असतील तर त्यात नवल नाही. सामना चालू असताना बर्फ पडू लागला की चेंडूचा वेग मंदावतो, लांब फटके अडखळतात आणि खेळ नकळत जुन्या पद्धतीचा होतो. जालावर मी पाहिलेल्या अशा एका सामन्याच्या चित्रणात मध्यंतरानंतरही बर्फ भुरभुरतच होता, चेंडू दिसेनासा होत होता आणि कठड्याला रेलून उभे असलेले प्रेक्षक टोप्यांवर पांढरा थर साचला तरी जागचे हलले नव्हते.