व्हायकाउंट मागासलेलं होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हायकाउंट या जुन्या ब्रिटिश प्रवासी विमानावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन: जेट आल्यावर पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान काढणं म्हणजे मागे जाणं होतं, या विमानाने अमेरिकेची कॅपिटल एअरलाइन्स बुडवली, आणि कौतुकाच्या भरात मी अपघात गाळले.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. ३१ डिसेंबर १९६८ रोजी ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडजवळ एका व्हायकाउंटचा उजवा पंख हवेतच तुटला. २६ जण होते, कोणीही वाचलं नाही. पंखाचा कणा म्हणजे स्पार. त्याच्या एका भोकात देखभालीच्या वेळी चुकीच्या पद्धतीने बुश (भोकात बसवायची धातूची नळी) बसवला गेला होता. तिथे धातूला इजा झाली, भेग पडली, ती उड्डाणागणिक वाढत गेली आणि ठरवून दिलेलं आयुष्य भरायच्या आधीच स्पार तुटला. त्यानंतर तिथली ७०० मालिकेची विमानं सेवेतून काढली. हे लेखात यायलाच हवं होतं. आज भर घातली आहे.

जेटचं म्हणाल तर आधी तारखा पाहा. व्हायकाउंटचा पहिला नमुना १६ जुलै १९४८ला उडाला, कॉमेट हे पहिलं जेट प्रवासी विमान त्यानंतर वर्षभराने. म्हणजे जेट पाहूनही पंखे लावले, असं झालेलं नाही. शिवाय व्हायकाउंटच्या पंख्यामागे जेटसारखं टर्बाइनच होतं, रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन. टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या अशा विमानाला टर्बोप्रॉप म्हणतात. त्या काळची जेट इंजिनं कमी उंचीवर आणि छोट्या टप्प्यांवर इंधन अक्षरशः पीत. बीईए या ब्रिटिश विमान कंपनीची विमानं लंडनहून पॅरिसला, एडिनबराला जायची; उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ व्हायची. अशा मार्गांना डार्टच परवडणारं होतं.

आणि प्रवाशाला काय मिळालं? पिस्टन इंजिनांच्या विमानात तासन् तास हादरे अंगात भिनायचे. व्हायकाउंटमध्ये समोरच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करून दाखवायचे आणि ते उभं राहायचं. बाहेर पाहायला लंबगोल खिडक्या, २६ इंच उंच आणि १९ इंच रुंद. आजच्या विमानातल्या खिडकीशेजारी ते माप मनात धरून बघा, मग मी एवढा का हरखतो ते कळेल.

तारखांवरूनच आणखी एक. २९ जुलै १९५०ची लंडनजवळच्या नॉर्थोल्ट विमानतळावरून पॅरिसला गेलेली व्हायकाउंटची फेरी ही टर्बोप्रॉपची जगातली पहिली प्रवासी फेरी खरी, पण ती नमुना विमानाने केलेली तात्पुरती सेवा होती. नियमित सेवा १८ एप्रिल १९५३ला सुरू झाली. लेखात मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या होत्या, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होत होता. तेही दुरुस्त केलं आहे.

कॅपिटलबाबत मात्र मी मुळीच सहमत नाही. त्यांनी ६० विमानं घेतली, तीही मुख्यतः उधारीवर. १९५५मध्ये ती आल्यावर प्रवासी त्यांच्याकडे वळले. पण मार्ग छोटे, समोर बलाढ्य स्पर्धक आणि डोक्यावर कर्ज. १९६०मध्ये हप्ते थकले, विमान बनवणाऱ्या विकर्स कंपनीने वसुलीची कारवाई सुरू केली आणि जून १९६१मध्ये कॅपिटल युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीत विलीन झाली. विमान वाईट असतं तर युनायटेडने त्यातली बरीचशी १९६९पर्यंत का उडवली असती? कॅनडाच्या ट्रान्स-कॅनडा विमान कंपनीने ५१ घेतली आणि १९७४पर्यंत वापरली. कर्जाचा दोष विमानाच्या माथी मारू नका.

‘आपल्याला त्याचं काय’ असंही तुम्ही लिहिलंय. या विमानाचं आधीचं नाव ‘व्हाइसरॉय’ होतं. १९४७मध्ये आपण स्वतंत्र झालो, ते पद इतिहासजमा झालं आणि नाव बदलून ‘व्हायकाउंट’ केलं. दहा वर्षांनी, १९५७मध्ये, इंडियन एअरलाइन्सने तीच विमानं आपल्या प्रमुख मार्गांवर आणली. तोवर आपल्याकडे अनेकांचा विमानप्रवास म्हणजे डकोटा. तिच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे पावसाळी ढगांच्या वर जाता येत नसे आणि प्रवाशांना ढगांतले धक्के सोसावे लागत. व्हायकाउंट त्या ढगांच्या वरून जाऊ शकत होतं. पुढे इंडियन एअरलाइन्सकडे आलेल्या फोकर फ्रेंडशिपला आणि कानपूरला बनलेल्या ॲव्रोलाही डार्टच होतं. पुढचा लेख त्या इंजिनावर लिहायला घेतला आहे. त्यातही काही राहिलं तर असंच रोखठोक कळवा.