कारखाना इथे येईल, पण कुटुंब पुण्यातच राहील

मागच्या महिन्यात संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत माझ्या छोट्या वर्कशॉपच्या शेडवर एक पाहुणे आले होते. पुण्यातल्या एका कंपनीचे प्रॉडक्शन मॅनेजर, वय असेल पस्तीस-छत्तीस. त्यांची कंपनी बिडकीनला जागा बघतेय, म्हणून आसपासचे व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, कसे आहेत ते पाहायला आले होते. दोन तास थांबले. मशिन बघितल्या, तपासणीचे कागद चाळले, ऑपरेटर पोरांशी बोलले. समाधान झालेलं दिसत होतं. मग चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. म्हणालो, "आठवड्यातून एकदा. कधी त्याहूनही उशिरा."

थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "बदली झाली तर मी येईन. पण मिसेस आणि मुलगी पुण्यातच राहतील."

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स बघा. सगळ्या भरलेल्या असतात, आणि त्यात आमच्या एमआयडीसीतली कितीतरी साहेब मंडळी असतात. सोमवारी पहाटे परत. पगार संभाजीनगरात मिळतो. घराचा हप्ता, मुलांची शाळा, किराणा, डॉक्टर सगळं पुण्यात. तरी "गुंतवणूक आली" म्हणून आपण फटाके वाजवतो. मला त्यावर आज मनापासून बोलायचंय.

माझे वडील गंगापूर तालुक्यातले. आयटीआय टर्नर. वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला तो 1985 साली, पायाभरणीनंतर अवघ्या सोळा महिन्यांत उत्पादन सुरू. तेव्हा आजूबाजूला नुसती ज्वारी-बाजरीची रानं होती, असं वडील सांगायचे. त्या एका कारखान्यामागे सुटे भाग बनवणारे आले, त्यांच्यामागे प्लेटिंगवाले, फोर्जिंगवाले, डाय म्हणजे साचे बनवणारे, मशिन दुरुस्त करणारे. वडिलांनी नोकरी सोडून भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला तो याच लाटेत. आमच्यासारखी शेकडो घरं त्यातून उभी राहिली. पुढे 2001 मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली, तेव्हा इथे कुशल हात आधीच तयार होते. माझं तर ठाम मत आहे, गावात कंपनी आणणारा सगळ्यात मोठा एजंट म्हणजे गावात आधीपासून नीट चाललेली कंपनी.

आता ऑरिकचं, म्हणजे संभाजीनगरजवळ सरकारने उभारलेल्या नव्या औद्योगिक नगरीचं बघा. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकर. रस्ते रुंद, वीज-पाणी-गॅस-केबल सगळं जमिनीखालून, प्लॉट घ्या आणि काम सुरू करा अशी सोय. ऑरिक हॉलचं उद्घाटन 2019 ला झालं. मी स्वतः तिथे जाऊन आलोय, अभिमान वाटावा असंच काम आहे. कोरियाची ह्योसंग शेंद्र्यात आली. 2024 च्या उन्हाळ्यात ईव्ही स्कूटरवाल्या एथरने बिडकीन निवडलं, आणि जुलैअखेर टोयोटा किर्लोस्करने सरकारशी सुमारे 20,000 कोटींचा करार केला. एथरचा कारखाना होता तमिळनाडूत, होसूरला. बंगळूर शेजारी असताना ते इथे का आले असतील? सवलत हे एक कारण असणारच. पण दुचाकीचा जवळपास प्रत्येक भाग बनवता येणारी माणसं एका तासाच्या अंतरात मिळतात, हे दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं.

सवलतींचं म्हणाल तर आपल्या राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे. मागास तालुक्याला जास्त परतावा, जीएसटीतला वाटा परत, मुद्रांक शुल्क माफ. चांगली योजना आहे. पण असंच काही ना काही गुजरात देतं, तमिळनाडू देतं, तेलंगणाही देतं. वर आपली औद्योगिक वीज शेजारच्या राज्यांपेक्षा महाग. म्हणजे पैशाच्या शर्यतीत आपण फार तर बरोबरीत असू. मग पारडं कशाने झुकणार? तर त्या मॅनेजरच्या घरातल्या बोलण्याने. तिथे राहायचं कसं, मुलीला शाळा कुठली, रात्री दवाखाना लागला तर, आणि पाणी.

पाण्यावर मला थोडं जास्त बोलू द्या, कारण आमचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. जायकवाडी इथून पन्नासेक किलोमीटरवर. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत ज्याची गणना होते, त्या धरणाच्या इतक्या जवळ असलेल्या शहराने आठ दिवस टाक्या भरून ठेवायच्या. 1,680 कोटींची पाणी योजना 2019 ला मंजूर झाली, रेंगाळत रेंगाळत खर्च 2,740 कोटींवर गेला. या इतक्या वर्षांत आमच्या गल्लीत किती लोकांनी टँकरवर किती पैसे घातले, याचा हिशेब कुणी ठेवला असेल का? आमच्या घरी पाणी येतं त्या दिवशी बायको पहाटे चारला उठते. माझ्या शेडवरच्या दोन पोरी पाण्याच्या दिवशी उशिरा येतात. मी कधी त्यांचा अर्धा दिवस मांडला नाही, पण मशिन तेवढी बंद राहतेच.

त्यात दुष्काळ. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने इथल्या बिअर-दारूच्या कारखान्यांच्या पाण्यात निम्म्यापर्यंत आणि नंतर त्याहूनही जास्त कपात करायला सांगितली. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. माणसांना आणि जनावरांना पाणी पहिलं, कारखान्याला नंतर, असंच असायला हवं. पण सेऊल किंवा टोकियोत बसून जागा ठरवणारा माणूस ती बातमी वाचतो, हेही तितकंच खरं. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 पासून आहे, तरी पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नगर-नाशिक आणि आम्ही कोर्टात उभे. शहराचं सांडपाणी शुद्ध करून सगळ्या एमआयडीसीला द्या आणि धरणाचं पाणी नळाला द्या, ही मागणी आम्ही उद्योजकांनीच आता जोरात लावून धरली पाहिजे. तसं झालं तर दुष्काळात कारखानाही बंद पडणार नाही आणि गावाच्या तोंडचं पाणी आम्ही पळवतोय असंही कुणी म्हणणार नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात सांगतो. मनमाडहून इकडे येणारी निजामाच्या काळातली ही लाइन, ती इतकी वर्षं एकेरीच राहिली. समृद्धी महामार्गाने मुंबई-नागपूर जवळ आणलं, त्याचा आम्हाला रोज फायदा होतो. पण जड माल सगळाच रस्त्याने किती दिवस नेणार?

दुसरी गोष्ट माणसांची. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथून शिकून निघालेला पोरगा डायचं ड्रॉइंग हातात घेतो तेव्हा मला वडिलांची आठवण येते, इतकं नीट शिकवतात. आमचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चं. म्हणजे शिकवायची परंपरा इथे आहे. पण चांगला टूलमेकर दोन वर्षांत पुण्याजवळच्या चाकणला जातो. मी कितीदा पगार वाढवून बघितला. एकजण जाताना म्हणाला, "दादा, पगाराचं काही नाही. लग्नाला मुलगी बघायला गेलो की विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का?" त्याला मी काय उत्तर देणार होतो?

आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते बिडकीन-निलजगावकडचे शेतकरी. एकरी 23 लाख मिळाले. काहींनी दुसरीकडे शेती घेतली, काहींचे पैसे गाडी-बंगला-लग्नात संपले. त्यांच्या मुलांना गेटवर सिक्युरिटीची किंवा कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्परची नोकरी मिळणार असेल, तर हा प्रकल्प आपला आहे असं त्यांना का वाटावं? कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढ्याच वेळात आयटीआय पूर्ण होतो. करार झाला त्याच महिन्यात त्या गावांतल्या मुलामुलींच्या बॅच सुरू करायला हव्या होत्या. पुढच्या कंपनीच्या वेळी तरी करूया.

9 ऑगस्ट 2018 चा दिवस मी विसरलेलो नाही. मराठा आरक्षणाच्या बंदच्या दिवशी वाळूजमध्ये जमाव कंपन्यांत शिरला, काचा फुटल्या, गाड्या जळाल्या. आमच्या रांगेतली पोरं शटर ओढून आत बसली होती. मागणी कितीही न्याय्य असो, त्या दगडांनी आपल्याच मुलांच्या नोकऱ्या फोडल्या. पण बेरोजगार पोरगा बंद गेटकडे बघत बघत मोठा होतो, त्याचा राग कुठून येतो, हेही उद्योजकांनी समजून घ्यायला हवं.

लहान व्हेंडरसाठी एक मागणी आहे. टोयोटासारखी कंपनी येते तेव्हा सोबत तिचे मोठे पुरवठादारही येतात, त्यांना एकरांत जमीन मिळते. माझ्यासारख्या तीन मशिनवाल्याला बिडकीनला तयार गाळा हवाय, परवडणाऱ्या भाड्याचा, क्रेनची सोय असलेला. तो मिळाला तर नव्या कारखान्याची तीन कामं उद्या इथे होतील. नाही मिळाला तर तीच कामं पुण्याहून ट्रकने येत राहतील.

त्या मॅनेजरना निघताना मी माझा नंबर दिला. म्हटलं, मिसेसना आणि मुलीला दोन दिवस घेऊन या, आमच्याकडे उतरा, शाळा दाखवतो, वेरूळला नेतो. बघू म्हणाले. इथल्या इतरांनाही विनंती आहे. तुमच्या ओळखीतलं कुणी कंपनीसाठी जागा बघायला येणार असेल, तर सरकारी सादरीकरण झाल्यावर त्यांना वाळूजला आमच्या रांगेत आणा. काय चांगलं आहे आणि काय नाही, ते खरं खरं सांगू. आणि महापालिकेतलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच विचारतो: ते कुटुंब येईल, त्या दिवशी नळाला पाणी असेल ना?