दाबा, धरा, सोडा

आमची फारगो, म्हणजे आमचा जुना ट्रक, खळ्यातल्या निंबाखाली 19 वर्षं उभी होती. 1962 ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. आबांनी ती तिसऱ्या हाताने घेतली आणि चाळीसगावचा माल कन्नड घाटाने वर, वरचा माल खाली, असा जन्म काढला. आबांच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा गाडीही बसली. मग केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि हौद्यात पऱ्हाट्या रचल्या गेल्या.

यंदा पुतण्याचं लग्न ठरलं. तो पुण्यात संगणकावर बसतो. म्हणाला, "काका, वरात आजोबांच्या ट्रकमधूनच निघेल." घरात सगळ्यांना भरून आलं. त्या भरात ट्रक दुरुस्त कोण करणार, हे कुणी विचारलं नाही.

इंजिन तिसऱ्याच दिवशी लागलं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, नवी बॅटरी चढवली, आणि काळ्या धुरात निम्मं गाव दिसेनासं झालं. खळ्यात 14 माणसं जमली होती. गाडी हलली, टाळ्या पडल्या. मी ब्रेक दाबला. पेडल कसलीही हरकत न घेता पार पत्र्याला टेकलं. हँडब्रेक ओढला तर दांडी हातात आली. आमचा उकिरडा तीन पिढ्यांचा आहे. त्याने गाडीला पोटात घेतलं, म्हणून शेजारच्यांचा गोठा वाचला.

गाडी चालू करायला आलेली 14 माणसं त्यानंतर एकेक करून पांगली. थांबवायच्या कामाला उरलो मी, सालदार आणि बाजेवर आबा.

चाळीसगावच्या मिस्त्रीने फोनवर सांगितलं, "चाकं उतरवून ठेवा, मी येतो." उजवीकडची चाकं तासाभरात उतरली. डावं पुढचं चाक मात्र हटून बसलं. पान्याला पाइप लावला. पाइपवर मी उभा राहिलो. मग सालदारालाही चढवलं. नट किंचाळला, पण ढिला होईना. आबा अर्धा तास हे सगळं शांतपणे पाहत होते. शेवटी म्हणाले, "बेस आवळी टाकं. आते सोडी टाक."

डावीकडचे आटे उलटे होते! चाक फिरता फिरता नट आपोआप सैल पडू नये म्हणून त्या काळी डाव्या बाजूला उलटे आटे पाडत. बोल्टच्या तोंडावर इंग्रजी एल कोरलेलाही होता, पण साठ वर्षांच्या ग्रीसखाली. दोन माणसांच्या वजनाने आवळलेले ते नट सोडायला दुसरा दिवस गेला. "आधी का नाही सांगितलं?" विचारलं तर आबांना ऐकू आलं नाही. ट्रकच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं बसल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. काय ऐकू येत नाही, ते मात्र तेच ठरवतात.

ड्रमच्या आतली धूळ मी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणार, तेवढ्यात मिस्त्री आला आणि ओरडला. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत गेली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायची. मग त्याने ते लायनर ड्रमवर दाबणारे चाकांतले व्हील सिलिंडर खोलले. पिस्टन गंजून आतच चिकटलेले, रबरं खडूसारखी झालेली. पण खरी भीती त्याने मास्टर सिलिंडर दाखवून घातली. पेडल दाबलं की नळ्यांतून चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो हा. या गाडीत एकच मास्टर आणि त्यावर चारही चाकं. पुढे एक, मागे एक अशी वेगळी चूल नाही. एका नळीला भोक पडलं की चारही चाकं उपाशी. एकत्र कुटुंबाचे तोटे मला ठाऊक होते, पण ते असे वंगणासकट कुणी समजावले नव्हते.

लायनर नवे रिव्हेट केले, ड्रम लेथवर फिरवून घेतले, सिलिंडर घासले, नळ्या बदलल्या. हे एका वाक्यात मावतं, पण त्यात पाच आठवडे आणि एका म्हशीचे पैसे गेले.

त्यातली एक चूक निव्वळ माझी. रबरांची नवी किट आली, तिला धूळ दिसली, म्हणून मी ती मायेने डिझेलने धुऊन रात्रभर ठेवली. सकाळी पाहतो तर रबरं गुलगुल्यासारखी टम्म फुगलेली. ब्रेकची रबरं पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, काहीच सोसत नाहीत. फुगली की पिस्टन मागे येत नाही आणि चाक जाम. धुवायचीच तर ताज्या ब्रेक ऑइलने. मिस्त्री म्हणाला, "नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही, भाऊ." हे डब्यावर लिहायला काय हरकत होती!

मग ते तेल नसलेलं ऑइल आणायला धुळ्याला गेलो. दुकानदाराने विचारलं, "डॉट तीन का डॉट चार?" मला वाटलं, मोठा आकडा म्हणजे चांगला माल, जसा बियाण्याच्या पिशवीवर असतो. इथे आकडा उकळण्याचा. कोरडं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये, डॉट 4 ने 230 पर्यंत तग धरावी. पण दोघंही हवेतलं पाणी पितात. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. घाट उतरताना ड्रम तापतो, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय खाली जातो आणि चाकाला काही कळतच नाही. आबा कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये का उतरायचे, ते मला धुळ्याच्या काउंटरवर कळलं.

तेवढ्यात पुतण्याने पुण्याहून पार्सल पाठवलं: डॉट 5, सिलिकॉनचं, जांभळं. पाणी पीत नाही, रंगावर सांडलं तर रंग खात नाही, आणि उकळतं 260 च्या पुढे. साधं ऑइल बॉनेटवर सांडलं तर तासाभरात खालचा पत्रा दिसतो, म्हणून मला तर ते देवाघरचंच वाटलं. मिस्त्रीने डबा फिरवून फिरवून पाहिला. म्हणाला, हे जुन्या ऑइलात मिसळत नाही, कुठे थेंब राहिला तर घोटाळा. यात बारीक बुडबुडे अडकतात, पेडल स्पंजासारखं लागतं. आणि पाणी पीत नाही म्हणजे आत शिरलेलं पाणी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि तिथेच गंज धरतो. गोंधळ वाढवायला डॉट 5.1 नावाचंही एक असतं. ते सिलिकॉन नाहीच, ते 3 आणि 4 च्याच घराण्यातलं. हे नाव ठेवणाऱ्याला आमच्या उकिरड्यावर बसवावं.

आबांनी तिढा सोडवला. "एरंडेल टाक," म्हणाले. मी हसलो. लहानपणी पोट साफ करायला आजी जे नाक दाबून पाजायची, ते ट्रकला? पण मिस्त्री हसला नाही. जुन्या काळी ब्रेकचं ऑइल एरंडेल आणि अल्कोहोल मिसळूनच होत असे. पुढचे दोन दिवस आबा माझ्याशी शास्त्रज्ञासारखे बोलले. शेवटी डॉट 4 भरलं आणि दोन वर्षांनी बदलायची तारीख केबिनच्या दारात खडूने लिहिली. जांभळा डबा देव्हाऱ्याखाली आहे; कुणाची टाकायची हिंमत नाही.

आणि मग एअर काढणं, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढणं. मास्टर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं डावं मागचं चाक आधी. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला नळी, नळीचं टोक ऑइलने भरलेल्या बाटलीत. मी गाडीखाली, पेडलवर आबा. कारण त्यांनी बाजेवरून उठून, काठी टेकत, कुणालाही न विचारता ती जागा घेतली होती. नियम सोपा: दाबायचं, धरायचं, मी निपल सोडणार, मी बंद केल्यावरच पाय उचलायचा. मधेच उचलला तर बाहेर गेलेली हवा परत आत.

"आबा, दाबा!"

"काय म्हनस?"

"दाबा! धरी ठेवा!"

आबांनी दाबलं, धरलं, मी निपल उघडलं, बाटलीत बुडबुडे आले, आणि आबांनी पाय सोडला. आठ वेळा असं झालं. नवव्या वेळी पेडल नुसतं खाली-वर व्हायला लागलं, न थांबता, एका ठेक्यात. वर जाऊन पाहिलं तर आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या निंबावर. घाटातल्या तिसऱ्या वळणावर एकदा ब्रेक कसा बसला होता आणि पंप मारून मारून गाडी कशी आणली, ते ते सांगत होते. कुणाला, ते कळलं नाही. मी परत खाली जाऊन झोपलो. वळण पार होईपर्यंत निपल उघडलं नाही.

चारही चाकांची एअर निघायला दोन दिवस आणि सव्वा लिटर ऑइल लागलं. पाटाच्या उतारावर तीनदा गाडी सोडली, तिन्ही वेळा थांबली. एकदा जरा डावीकडे ओढली, पण लायनर ज्यावर बसतात त्या शूची सेटिंग केल्यावर तेही गेलं.

वरातीत फारगो अर्धा किलोमीटर दोन तासांत चालली. पुढे बँड, त्यापुढे नाचणारी पोरं. ब्रेक फारसा लागलाच नाही. माझ्या डावीकडे आबा फेटा बांधून बसले होते आणि उजवा पाय पत्र्यावर दाबत होते. एकसारखा. दाबायचे, धरायचे, सोडायचे.

"आबा, काय करी राह्यनात?"

या वेळी त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं.

"हवा काढी राह्यनू."