05/06 म्हणजे मे नव्हे, भो!

रावेरचा केळीवाला तारीख टाकतो 05/06/2025, म्हणजे 5 जून. एएसपी डॉट नेट कोअर (मायक्रोसॉफ्टचं वेब अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) क्वेरी स्ट्रिंगमधून, म्हणजे वेब पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातून, वाचतं 6 मे! 13/06 टाकली की थेट 400, म्हणजे ‘विनंतीच चुकीची’ असा एरर. सर्व्हरचं कल्चर (तारीख-आकडे लिहायची प्रादेशिक पद्धत) बदला, क्वेरी स्ट्रिंगला त्याचं सोयरसुतक नाही. फॉर्मच्या डेटाला मात्र आहे. हा कुठला न्याय?

मग स्वतःचा मॉडेल बाइंडर (विनंतीतला मजकूर कोडमधल्या तारखेत बदलणारा तुकडा) लिहा. लिहिला, तो पुरवणारा प्रोव्हायडर यादीच्या शेवटी टाकला, कोड तिथे येऊन थांबतो का बघायला ब्रेकपॉइंट लावला. तिकडे कुणी फिरकेचना! का, तर प्रोव्हायडर क्रमाने विचारले जातात, आणि शेवटच्याचा नंबर लागायच्या आत आधीचा कुणीतरी काम उरकतो. आपला प्रोव्हायडर शून्याव्या, म्हणजे यादीतल्या पहिल्याच जागी घुसवायचा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा. एरर नाही, वॉर्निंग नाही. (जळगावच्या उन्हाळ्यात आधीच डोकं तापलेलं.)

आणि तीच तारीख जेसन बॉडीतून (विनंतीच्या पोटात जेसन स्वरूपात पाठवलेल्या डेटातून) आली, की हा बाइंडर बिनकामाचा. तिथे जेसनमधली तारीख वाचणारा कन्व्हर्टर वेगळा लिहा.