जागा मोकळी करण्याचा राजमार्ग

‘स्टोरेज भरत आले आहे’ अशी सूचना फोनवर झळकू लागली, की सामान्य बुद्धीचा माणूस चार जुने व्हिडिओ पुसतो, कॅशे रिकामी करतो आणि आपल्या कामाला लागतो. आपण त्या पंथाचे नव्हे. एकाच मांजरीच्या ३९ फोटोंना आणि कधीही न पाहिलेल्या फॉरवर्डना धक्का न लावता जागा मिळवायची, हा आपला बाणा आहे. आणि त्यासाठी अँड्रॉइड फोन रूट करण्यावाचून, म्हणजे कंपनीने राखून ठेवलेले सिस्टमचे सर्वाधिकार बळकावण्यावाचून, गत्यंतर नाही, हे मध्यरात्री एक दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून आपण पक्के केलेच आहे.

आरंभ बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टम चढवणारा आणि परक्या सॉफ्टवेअरला अडवणारा प्रोग्राम) अनलॉक करण्यापासून करावा. फोनमधील सर्व माहिती पुसली जाईल, असा इशारा त्या वेळी येतो. तो वाचत बसणे हे भित्र्या माणसांचे काम असल्याने आपण बेधडक ‘होय’ दाबावे. क्षणार्धात फोन नव्यासारखा रिकामा होतो. हेतू पहिल्याच पायरीवर सफळ झाला, असे कोणी म्हणेल, आणि सेटिंग्जमधील फॅक्टरी रिसेटनेही नेमके एवढेच झाले असते, असेही वर सुचवेल. अशा शंकेखोरांशी वाद घालू नये.

यानंतर बूट इमेज, म्हणजे फोन सुरू होताना चढणाऱ्या सिस्टमच्या गाभ्याची फाइल, बदलून रूटचे सर्वाधिकार हस्तगत करावेत. इमेज आपल्याच मॉडेलची आणि आपल्याच आवृत्तीची आहे, याची खात्री करण्यात वेळ दवडला नाही, तर फोन कंपनीचे चिन्ह दाखवत पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो आणि स्टोरेजची चिंता कायमची मिटते. एका क्लिकमध्ये रूट करून देणारे, कर्ता अज्ञात असलेले एखादे साधन मिळाले तर दुधात साखर. घराच्या किल्ल्या वाटसरूच्या हाती देण्याचे औदार्य रोज कुठे घडते?

आता खरा पराक्रम: कंपनीने आधीच बसवलेल्या, एरवी न निघणाऱ्या ॲपांचे निर्दालन. ही ॲप बहुतांशी सिस्टमच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये (स्टोरेजच्या स्वतंत्र कप्प्यात) असतात आणि आपले फोटो डेटाच्या पार्टिशनमध्ये, त्यामुळे तिकडचे ॲप उडवले तरी इकडे एका फोटोचीही सोय होत नाही. शेजाऱ्याचे कपाट फोडून आपल्या खोलीत जागा करण्याचाच हा प्रकार. त्यातही अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांपासून सिस्टमच्या पार्टिशनवर लिहिणेच अवघड होऊन बसले आहे, आणि मॅजिस्कसारखे रूट करण्याचे साधन मुळात सिस्टमला हात न लावता काम करते, म्हणजे त्याच्या मदतीने ‘काढलेले’ ॲप केवळ नजरेआड होते. (अशा ॲपची डेटामध्ये साठलेली अपडेट तेवढी खरी जागा खातात, पण ती रूट न करताही, ‘अक्षम करा’ या बटणाने बहुधा निघतात. इतकी सोपी युक्ती आपल्याला शोभणारी नाही.)

काही किरकोळ त्याग मात्र करावे लागतील. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो; अनधिकृत सॉफ्टवेअर चढवताच तो उडतो आणि पुन्हा कधीही जोडता येत नाही, आणि त्याच्यासोबत सिक्युअर फोल्डर हा खासगी फायलींचा कुलूपबंद कप्पाही जातो. कित्येक फोनांवर वाइडवाइन या चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेचा दर्जा सर्वोच्च एल१ वरून सर्वांत खालच्या एल३ वर घसरतो व चित्रपट धूसर दिसू लागतात, ज्याने डोळ्यांना आराम मिळतो. सुरक्षेची अपडेट नेहमीच्या मार्गाने बसेनाशी होतात. फोन सुरू करताना दर वेळी बूटलोडर उघडा असल्याची पाटी झळकते, ती पदक समजून मिरवावी.

बँकेचे ॲप फोनची सचोटी तपासून दार लावून घेईल, तेव्हा रागावू नये. सरळ शाखेत जाऊन रांगेत उभे राहावे, आणि वेळ जात नसेल तर मांजरीचे फोटो पहिल्यापासून काढायला घ्यावेत. ते ३९ आता राहिलेले नाहीत.